चाहुलीचे पत्ते

काका दात बनवायचे. दंतवैद्य मी, रुग्णाच्या तोंडाचा साचा मी घ्यायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे पाठवायचे आणि चार दिवसांनी त्याची कवळी होऊन यायची. सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. मी काका म्हणायचे, कारण माझ्या वडिलांच्या वेळेपासून दवाखान्याचं काम तेच करत आले होते. बुटके, कमी बोलणारे, नखांच्या कडांना कायम पांढरं प्लास्टर.

त्यांची कामाची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. आत शिरलं की कवळीच्या हिरड्यांना लागणाऱ्या गुलाबी द्रावणाचा वास थेट डोळ्यांत जायचा. एका भिंतीला फळ्याच फळ्या, आणि त्यांवर निम्म्या शहराचे जबडे, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. समोरच्या बाजूला खिडकीखाली एक मोठं टेबल होतं. त्यावर जबडा ठेवायची कुणाची टाप नव्हती. त्या टेबलावर इंडोचायना होतं.

काका युद्धाचे खेळ रचायचे, पटावरचे. नकाशावर षटकोनी घरं आखलेली, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, दोन फासे आणि नियमांची चाळीस पानी वही. विषय मात्र एकच: फ्रेंचांनी परक्या मुलखात जाऊन केलेल्या लढाया. मादागास्करवर एक खेळ झाला होता, मोरोक्कोच्या डोंगरांवर एक, अल्जीरियावर दोन. तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या आठवणींचं पुस्तक मिळालं. नकाशे सुंदर होते म्हणून घेतलं, आणि मग नकाशांच्या मधे काय लिहिलंय ते कळावं म्हणून शब्दकोश घेऊन चार वर्षं घासून फ्रेंच शिकले. वाचायला यायचं, बोलायला नाही. काकू म्हणायच्या, "यांचा आणि पॅरिसचा संबंध एवढाच, प्लास्टर ऑफ पॅरिस."

परदेशातला एक छोटा प्रकाशक त्यांचे खेळ छापायचा. इथे कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तरी मी कधी रविवारी सकाळी खेळायला जायचे, कारण नवा खेळ पारखायला काकांना माणूस लागायचा आणि काकू पटावर बसल्या की दहाव्या मिनिटाला भाजी निवडायला घ्यायच्या.

इंडोचायनाचा खेळ त्यांनी नऊ वर्षं रचला. फ्रेंचांनी त्या वसाहतीत सरहद्दीजवळच्या एका डोंगरी रस्त्यावर ठाण्यांची माळ ओवली होती. रसदीचे ताफे वाटेत कापले जात. शेवटी ठाणी सोडून मागे यायचं ठरलं, तोवर फार उशीर झाला होता. काकांच्या खेळात फ्रेंचांकडून खेळणाऱ्याने ठाणं सोडलं की गुण जायचे. म्हणून कुणी सोडायचंच नाही. आणखी एक पाळी बघू, म्हणायचं. दर पाळीला एक पत्ता उचलावा लागे. त्यांना काका चाहुलीचे पत्ते म्हणत. पत्त्यावर हल्ला नसायचा, साधी बातमी असायची. बाजार भरला नाही. हमाल आले नाहीत. तार तुटली. बहुतेक पत्ते पोकळ, पण तीन खरे पत्ते एकाच ठाण्याशी जमले की दोन पाळ्यांत ते ठाणं गेलंच म्हणून समजा.

"खरा कुठला आणि पोकळ कुठला, हे कळायचं कसं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"कळत नाही," काका म्हणाले. "कळलं असतं तर खेळ कशाला झाला असता?"

काकूंचा धाकटा भाऊ वरच्या डोंगरात सरकारी रस्त्यावर मुकादम होता. पलीकडच्या खोऱ्यात जायला मोठा असा तो एकच रस्ता, आणि खिंडीपाशी चौकी: दोन खोल्या, पत्र्याची पडवी, एक टेलिफोन. तिथे तो आणि त्याच्या हाताखालची नऊ माणसांची टोळी. दरड उपसायची, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्या साफ करायच्या, खड्डे बुजवायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. एका सुट्टीत काका त्याला विरंगुळा म्हणून इंडोचायनाचा कच्चा पट देऊन आले, आणि तेव्हापासून दोघांचा पोस्टाने डाव सुरू झाला. दर पत्रात एक खेळी. फाशांवर विश्वास कोण ठेवणार, म्हणून ठरलं की वर्तमानपत्रात छापलेल्या तापमानाचा शेवटचा आकडा हाच फासा. मुकादम नेहमी डोंगरातल्यांच्या बाजूने खेळायचा आणि नेहमी जिंकायचा. "रस्ता कुठे दुखतो ते मला माहीत आहे, भावजी," असं लिहायचा.

ज्या वर्षाचं मी सांगतेय, त्या वर्षी डोंगरात सरकारविरुद्ध खदखद होती. पण ती तर माझ्या लहानपणापासून होती. कधी एखादा ट्रक जळायचा, कधी चौकशी बसायची. आम्ही खाली शहरात ती बातमी वाचायचो आणि पान उलटायचो.

एका मंगळवारी भर दुपारी काका दवाखान्यात आले. हातात कुणाचीतरी खालची कवळी होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली. मग खिशातून तीन पत्रं काढून माझ्या हत्यारांच्या ट्रेमधे ओळीने मांडली.

"वाच."

तिन्ही मुकादमाची. वर खेळी, खाली घरच्या गप्पा. पहिल्यात होतं: खालच्या गावचा बाजार बुधवारचा शुक्रवारवर गेला, का ते कुणी सांगत नाही. दुसऱ्यात: खडी फोडायला बायका यायच्या त्या येईनाशा झाल्या, आता नुसते पुरुष येतात आणि लवकर जातात. तिसऱ्यात: सातव्या मोरीखाली कुणीतरी उकरून ठेवलंय, रानडुक्कर असणार, आणि वर्तमानपत्र चार दिवस आलं नाही, तेव्हा फाशाचं काय करायचं ते कळवा.

"बरं मग?" मी म्हटलं.

"तीन झाले," काका म्हणाले.

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हसले. खोटं कशाला सांगू, चांगली मोकळी हसले. दोन वर्षांपूर्वी बसवाल्यांचा संप झाला, तेव्हा याच माणसाने आता शहराची कोंडी होणार म्हणून पोतंभर साखर भरून ठेवली होती. संप तिसऱ्या दिवशी मिटला आणि काकूंनी वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती साखर दाखवली.

"काका, डुक्कर असेल हो."

"डुक्कर मोरीच्या तोंडाशी उकरतं. मधोमध नाही." ते हळू बोलत होते. "मी हे वाचलंय. ज्यांनी लिहिलं त्यांनीही तेव्हा डुक्करच म्हटलं होतं."

"मग रस्त्याच्या कचेरीत जाऊन सांगा."

"काय सांगू? कवळ्या बनवतो आणि पुठ्ठ्यावर लढाया करतो, त्यात असं होतं म्हणून?"

बाहेर रुग्ण खोळंबले होते. मी पत्रं गोळा करून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, फारच वाटत असेल तर मुकादमाला लिहा. त्यांनी मान हलवली. दारापर्यंत गेले, परत आले, कवळीकडे बोट दाखवून म्हणाले, "डावीकडे जरा उंच लागेल, घासून घे." आणि गेले.

त्याच दिवशी त्यांनी पत्र टाकलं. उत्तर बरोबर आठवड्याने आलं. ते पुढे मला काकूंनी दाखवलं. "भावजी, तुमचा तो पुठ्ठा आहे, हा रस्ता आहे. इथली माणसं मला वीस वर्षं ओळखतात. मी चौकी सोडून आलो तर दरड काय तुमच्या सोंगट्या उपसणार? खेळी पाठवा, घाबरू नका." आणि शेवटी, पानाच्या कडेला आडवं: "वाटेवरच्या वस्तीतली कुत्री कुणीतरी मारली. सगळी. आता फार शांत वाटतं."

काकांनी ते पत्र वाचलं आणि जेवले नाहीत. बुधवारी जेवले नाहीत, गुरुवारी एका बाईच्या वरच्या कवळीत दात उलटे बसवले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शुक्रवारी सकाळी काकूंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "काय ते एकदा नीट सांगा. पॅरिसचं नको, माझ्या भावाचं सांगा."

त्यांनी कुत्र्यांचं सांगितलं. अल्जीरियात ज्या वाटेने रात्री माणसं जाणार असत, त्या वाटेवरची कुत्री आधी मारली जात, भुंकू नयेत म्हणून, असं त्यांनी एका अधिकाऱ्याच्या आठवणींत वाचलं होतं.

काकू कमी शिकलेल्या, पण निर्णयाला पक्क्या. पदर खोचून त्या थेट माझ्या दवाखान्यात आल्या. "फोन दे," म्हणाल्या. खिंडीतल्या चौकीचा नंबर लागायला पाऊण तास गेला. तार तुटली नव्हती, त्याचंच मला हायसं वाटलं. मग काकूंनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.

"तू बोल. डॉक्टर आहेस. सांग, ताईचं काही खरं नाही, भेटायचं तर उद्याच्या उद्या ये."

"काकू, मी दातांची डॉक्टर."

"त्याला काय ठाऊक आहे कुठली ते?"

मी बोलले. माझा आवाज कापत होता, त्यामुळे ते खरंच वाटलं असणार. पलीकडे मुकादम कुणालातरी म्हणालेला ऐकू आला, "अरे, मला उद्या खाली जावं लागतंय. दोन दिवस तुम्ही बघा."

दोन दिवस तुम्ही बघा. ते वाक्य मी ऐकलं आणि फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी मुकादम येऊन पोचला तेव्हा काकू अंगणात चादरी झटकत होत्या. तो फाटकातच थांबला. धट्टाकट्टा माणूस, पण चेहरा पार उतरलेला. बहिणीला वरपासून खालपर्यंत बघून त्याने हातातली पिशवी खाली टाकली.

"ताई, तू मेली का नाहीस?"

"तुला बघून जीव आला," काकू म्हणाल्या.

मग जे भांडण झालं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. असल्या थापा मारतात का, रजेचा अर्ज खोटा झाला, भावजींच्या पोरखेळापायी मी नोकरी घालवू का. काका खोलीच्या दारात उभे होते. पहाटेच्या पहिल्या गाडीने परत जाणार, असं सांगून मुकादम झोपला. काकूंनी त्याचे बूट कोळशाच्या डब्यात लपवले. रविवारी सकाळी तो अनवाणी घरभर बूट शोधत फिरत होता. मी तेव्हा तिथेच होते, आणि आम्हा दोघींना हसू आवरत नव्हतं.

साडेनऊच्या सुमाराला रस्त्याच्या कचेरीतून माझ्या घरी फोन आला. शुक्रवारचा फोन दवाखान्यातून गेला होता, त्यावरून त्यांनी माझा पत्ता काढला. माझा नवरा धापा टाकत काकांकडे आला. मुकादम तिथे आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. नवऱ्याने फोनवर आहे म्हटल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला, "मग दहावा सापडत नव्हता तो हाच."

उजाडता उजाडता डोंगरातले बंडखोर खिंडीत आले होते. मदतीला गाडी येऊ नये म्हणून आधी सातवी मोरी उडवली. चौकीत टोळी झोपली होती. नऊच्या नऊ गेले.

मुकादम अंगणात खाली बसला. मग त्याने काकांकडे पाहिलं.

"भावजी, तुम्ही मला लिहिलंत ना, ये म्हणून?"

"हो."

"त्यांचं का नाही लिहिलंत?"

पत्रात खरंच तसं काही नव्हतं. 'तू ये', 'तू निघ', 'तुझी ताई वाट बघते'. नऊ वर्षं तसल्याच रस्त्याचा विचार करणाऱ्या माणसाच्या डोक्यात टोळी आलीच नव्हती. माझ्या तरी कुठे आली होती? मी तर मुकादम त्यांच्यापैकी एकाशी बोलला ते फोनवर कानाने ऐकलं होतं.

त्यानंतर मुकादम सात महिने बहिणीकडे राहिला. बहिणीशी जेवणापुरतं बोलायचा, काकांशी नाही. एका घरात, एका न्हाणीघरात, आणि बोलणं नाही. सकाळी उठून तो गल्लीतले खड्डे न्याहाळत चालायला जायचा. कुणी मागून हाक मारली तर भिंतीला पाठ लावून वळायचा.

काकांनी मधल्या काळात खेळ बदलला. रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या सोंगट्या केल्या, नऊ. नकाशावर त्यांना जागा दिली, नियमांत तीन पानं वाढवली. एका रविवारी मला बोलावलं. मी फ्रेंचांकडून बसले. तिसऱ्या पाळीला मला रस्त्याच्या वळणापलीकडे कुणी दबा धरून बसलंय का ते बघायचं होतं. सैनिकांची तुकडी गमावणं महागात पडलं असतं. कामगारांची सोंगटी फुकट होती. मी ती पुढे सरकवली.

काका सोंगटीकडे बघत राहिले. मी हात मागे घेतला, पण खेळी होऊन गेली होती.

"सगळे तसंच करतील," ते म्हणाले. दोष दिल्यासारखे नव्हे. कवळी डावीकडे उंच लागेल म्हणाले होते, त्याच सुरात.

तो खेळ त्यांनी प्रकाशकाला पाठवला नाही. प्रकाशकाची दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. टेबलावर हळूहळू जबडे येऊन बसले.

रस्ता पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली आणि मुकादमाने नोकरीवर परत जायचं ठरवलं. काकू रडल्या, चिडल्या, शेवटी त्याच्या पिशवीत लोकरी कपडे भरू लागल्या. निघायच्या आदल्या दिवशी तो काकांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"मी नऊ घरं फिरणार आहे. तुम्ही याल?"

काकांनी हातातला दात खाली ठेवला. "येतो."

गाडी माझी होती, म्हणून मीही गेले. खरं म्हणजे गाडीचं निमित्त होतं.

आठ घरांत आम्ही बसलो, पाणी प्यालो, उठलो. मुकादम बोलायचा, आम्ही दोघं जमिनीकडे बघायचो. नववं घर टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं. त्याची बायको दारातच बसली होती, मांडीवर सूप. सातवी मोरी तिच्या दारातून दिसत होती, नवं सिमेंट लावलेली. मुकादमाने आमची ओळख करून दिली. हे माझे भावजी, या डॉक्टरीणबाई. यांनीच मला खाली बोलावलं होतं.

तिने सूप बाजूला ठेवलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

मुकादम म्हणाला, "आजी, तसं नाही, अंदाज होता नुसता."

"यांना विचारतेय मी." ती काकांकडे बघत होती. "कधी कळलं तुम्हाला?"

काका उभेच होते. काहीतरी बोलून सुटता आलं असतं. अंदाज होता म्हणता आलं असतं, सगळे म्हणत होते तेच. ते म्हणाले, "मंगळवारी. बारा दिवस आधी."

तिने बोटांवर मोजलं. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्हाला, बाई?"

"त्याच दिवशी," मी म्हटलं.

तिने शिवी दिली असती, हाकलून लावलं असतं तर बरं झालं असतं. तिने सूप उचललं, दोनदा पाखडलं, आणि उठून आत गेली. आम्ही निघालो. मुकादम तिथेच राहणार होता, त्याला चौकीवर न्यायला कचेरीची गाडी यायची होती. मी गाडी वळवत होते, तेवढ्यात म्हातारी दारात आली आणि हात हलवून तिने मला थांबवलं. मी काच खाली केली.

"कुठल्या रस्त्याने जाताय?"

"खालच्या. आलो तसंच."

तिने रस्त्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. ऊन होतं आणि लांबवर एक सायकल झाडाला टेकवून ठेवलेली होती, माणूस दिसत नव्हता.

"वरच्या वाटेने जा," ती म्हणाली. "लांब पडेल. पण आज खालून जाऊ नका."

"का?"

मुकादमाच्या दंडाला धरून ती त्याला घरात घेऊन गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

काकांनी फक्त मान हलवली. मी गाडी मागे घेतली आणि वरच्या वाटेला लावली. ती वाट कच्ची, दीड तास जास्त लागला. खालच्या रस्त्यावर त्या दिवशी काय झालं, किंवा काही झालं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही.